शांत करणारी खोली आणि शिकवणारी खोली: मनाची कौशल्यं शिकवणारं दालन कसं रचावं?

कवडसा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी विज्ञानकेंद्रांसाठी दालनं रचतो. हात लावा, फिरवा, ओढा आणि काय होतं ते बघा, या जातीची. आता मानसिक आरोग्याची कौशल्यं शिकवणारं कायमचं दालन करायचं काम हाती आलंय. जागा दोन मोठ्या वर्गखोल्यांएवढी. येणारे दहा वर्षांच्या मुलापासून आजी-आजोबांपर्यंत कुणीही.

नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधी इथे विचारतोय, कारण याआधी एकदा मी चुकलोय. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी ‘शांततेची खोली’ केली होती. निळसर उजेड, मऊ गाद्या, पाण्याचा आवाज, छतावर हळू सरकणारे ढग. लोकांना फार आवडली, अभिप्रायवही भरून गेली. महिन्याभराने त्यातल्या काही जणांशी आम्ही बोललो. गाद्या सगळ्यांना आठवत होत्या. ढगही. पण ‘त्यानंतर कधी घाबरायला झालं, डोकं तापलं, तेव्हा त्या खोलीतलं काही वापरलंत का?’ असं विचारलं की समोरचा गप्प. वापरणार काय? मी त्यांच्या हाती काही दिलंच नव्हतं. खोलीने त्यांना शांत केलं होतं. शांत व्हायचं कसं, हे शिकवलं नव्हतं.

फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञानकेंद्र सुरू केलं. त्यांच्याकडून आमच्या क्षेत्राने उचललेली गोष्ट ही की माणसाने स्वतः काहीतरी करावं, त्याचा परिणाम तिथल्या तिथे दिसावा. कप्पीची दोरी ओढली की वजन हलकं झालेलं हाताला कळतं, फलक वाचावा लागत नाही. मनाच्या बाबतीत ती दोरी कुठली?

कच्च्या यादीत बारा गोष्टी आहेत. श्वास, भावना ओळखणं, झोप, चिंता कागदावर लिहून कातरयंत्रात टाकणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, भास म्हणजे काय ते कळावं म्हणून कानात आवाज ऐकवणारा कोपरा, वगैरे. काय ठेवावं, काय काढावं? मोकळेपणाने सांगा.

ओंजळ

मी मानसोपचाराचं काम करते, म्हणून श्वासापासून सुरुवात करते. तुमची दोरी तिथे आहे, आणि ती शरीरातच आहे.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. हे प्रत्येकात होतं, निरोगी तरुणांमध्ये जास्त ठळक दिसतं. श्वास मिनिटाला साधारण सहावर आणला की ही चढ-उतार मोठी होते आणि पडद्यावर सुंदर लाटेसारखी दिसते. स्वतःचे ठोके स्वतःच्या श्वासामागे चालताना बघणं हा लोकांसाठी खरोखर चकित करणारा अनुभव असतो. ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे कुणी सांगायची गरज उरत नाही.

पण इथेच सापळा आहे. पडदा सतत चालू ठेवलात तर माणूस पडदा बघायला शिकतो, श्वास घ्यायला नाही. हालचाली शिकवण्यावर संशोधन करणाऱ्यांनी १९८० च्या दशकातच हे मांडलंय: प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच ‘बरोबर, चूक’ मिळत राहिलं तर सरावाच्या वेळी कामगिरी छान दिसते, आणि ती मदत काढून घेतली की ढासळते. म्हणून माझी विनंती अशी. पहिलं मिनिट लाट दिसू द्या. दुसऱ्या मिनिटाला पडदा काळा करा. तिसऱ्या मिनिटाला मधल्या काळात काय झालं ते दाखवा. त्या काळ्या मिनिटात जे घडतं तेच तो माणूस घरी घेऊन जाणार आहे.

तुमच्या गाद्यांच्या खोलीत नेमकं हेच नव्हतं. तिथे पडदा कधी काळा झालाच नाही.

रंधा

मी लाकूडकाम करतो, थोडंफार इलेक्ट्रॉनिक्सही. ओंजळताईंचं म्हणणं पटलं, पण यंत्राच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

बोटाच्या टोकातून उजेड पाठवून नाडी मोजणारे सेन्सर गार हातांवर दगा देतात, आणि घाबरलेल्या माणसाचे हात गारच असतात. व्यायामाच्या यंत्रांवर असतात तसे धातूचे दोन दांडे बरे, पण लहान मुलांच्या तळव्यांना पुरतील एवढे जवळ हवेत. आणि ‘तपासतो आहे’ असं म्हणत यंत्र वीस सेकंद गप्प बसलं की मूल निघून जातं. त्या वीस सेकंदांत काहीतरी हलताना दिसायला हवं.

दुसरं, हे सगळं विजेवर कशाला? लाकडाची एक पट्टी मध्ये आसावर ठेवायची, बागेतल्या सी-सॉसारखी. तिच्या खाचेत एक गोटी. श्वास घेताना हाताने एक टोक उचलायचं, सोडताना दुसरं. उतार असा ठेवायचा की गोटी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला चार-पाच सेकंद घेईल. जाऊन-येऊन साधारण दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास. घाई केली की गोटी टोकावर आपटून आवाज करते. पडद्याची गरज नाही, बिघडलं तर मी संध्याकाळी दुरुस्त करून देईन. शिवाय घरी गोटी नसली तरी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत तेच करता येतं.

कवडसा

रंधा, हे ऐकून मी उठून उभा राहिलो. आवाज करणारी गोटी! कुणी ‘चुकलात’ म्हणायला नको, हाताला आपसूक कळतं.

पाऊलवाट

मला पॅनिकचे झटके येतात. आता बरेच आटोक्यात आहेत. पण एक सांगावंसं वाटतं, कारण अशा दालनांत पहिली गोष्ट हमखास श्वासच असते.

झटका येतो तेव्हा माझं सगळं लक्ष आधीच श्वासावर आणि छातीवर असतं. अशा वेळी कुणी ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटलं की आगीत तेल पडतं. पूर्वी एका कार्यशाळेत दिवे मंद करून, दार लावून, डोळे मिटायला सांगितलं होतं. मला तिथून उठता येईना, कारण उठलं की सगळ्यांना दिसणार. पुढची पंधरा मिनिटं कशी काढली ते माझं मला माहीत. त्यानंतर कितीतरी दिवस मी असल्या कुठल्याही गोष्टीच्या वाटेला गेले नाही.

मला उपयोगी पडलं ते लक्ष बाहेर नेणं. पाय जमिनीला टेकलेत ते जाणवून घेणं. खरखरीत काहीतरी चाचपणं. खोलीतल्या पाच गोल वस्तू शोधणं. तुमच्या दालनात गोटीच्या शेजारी हाही रस्ता ठेवा, आणि तो ‘ज्यांना पहिलं जमलं नाही त्यांच्यासाठी’ असा दुय्यम दिसू देऊ नका. दोन्ही सारख्याच उंचीच्या टेबलांवर हवेत.

आणि कृपा करून कुठल्याही खोलीला एकच दार नको.

ओंजळ

पाऊलवाट, मनापासून धन्यवाद. हे आमच्या अभ्यासात नोंदलेलंच आहे: शिथिल व्हायच्या प्रयत्नानेच काहींची चिंता वाढते. पण तुम्ही सांगितलंत तेव्हा ते खोलीच्या आराखड्यात कसं उतरतं हे दिसलं.

सांजपाखी

मी शिक्षिका आहे, मधल्या वर्गांना शिकवते. भावना ओळखण्याबद्दल लिहिते, कारण मला वाटतं या यादीतलं सर्वांत श्रीमंत दालन तेच होऊ शकतं आणि बहुतेक ठिकाणी तेच सर्वांत गरीब असतं. चार-सहा गोल चेहरे, एक हसरा, एक रडका, एक लाल. मूल एका चेहऱ्यावर बोट ठेवतं आणि पुढे जातं.

माझ्या वर्गातल्या मुलांकडे दोनच शब्द आहेत: ‘बोअर’ आणि ‘टेन्शन’. परीक्षा आली, टेन्शन. मैत्रीण बोलेना, टेन्शन. आई-बाबा भांडले, टेन्शन. एकदा मी फळ्यावर टेन्शन लिहिलं आणि म्हटलं, आता याच्या पोटात काय काय आहे ते काढूया. तासभर चाललं. धास्ती, घालमेल, हुरहूर, चिडचिड, कासावीस, खट्टू, ओशाळणं, हेवा, कुढणं, धसका, रुखरुख. काही शब्द मुलांनी घरी ऐकले होते पण ते आपल्यालाही लागू पडतात हे सुचलंच नव्हतं. एक मुलगा म्हणाला, ‘मला राग येत नाही बाई, माझा हिरमोड होतो.’ त्याच्या चेहऱ्यावर एवढं सुटल्यासारखं दिसलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

म्हणून माझ्या डोळ्यांपुढे एक कपाट आहे. बाहेरून एकच मोठा खण, वर लिहिलंय ‘टेन्शन’. तो ओढला की आत बारा लहान खण. प्रत्येकावर एक शब्द, आत लाकडाची एक चकती आणि दोन ओळींचा प्रसंग. ‘रुखरुख: जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही, आणि ती व्यक्ती आता निघून गेलीय.’ शेजारी माणसाच्या आकाराची एक आकृती. चकती आपल्याला जिथे जाणवते तिथे ठेवायची. घालमेल कुणी पोटात ठेवेल, कुणी छातीत. आधीच्यांनी कुठे ठेवल्या त्याही तिथेच दिसतील.

भावनेला शब्दात पकडल्याने तिचा जोर कमी होतो, याला मेंदूच्या अभ्यासांचाही आधार आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला नाव देताना अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया मंदावते. पण मला तो अभ्यास माहीत नव्हता तेव्हाही त्या मुलाचा चेहरा मी पाहिला होता.

एक इशारा मात्र शाळेच्या बाजूने. ‘सगळ्यांना सरसकट एकच गोष्ट शिकवा’ याने हात पोळलेत. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर माइंडफुलनेसच्या, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या, तासांची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या शिक्षणापेक्षा फायदा दिसला नाही. बरीच मुलं घरी सरावच करत नव्हती. तुमच्या दालनात मुलाला निवड हवी, आणि नको म्हणायची मुभाही.

रंधा

बारा खणांचं कपाट मी करतो. खण पूर्ण बाहेर येऊन पायावर पडणार नाहीत असे अडसर लावून. खालच्या खणांत सोपे शब्द, वरच्यांत अवघड, असं नको ना? उंचीनुसार शब्द वाटले तर लहान मुलांना वरचे कधीच मिळणार नाहीत.

सांजपाखी

नको, मुळीच नको. कपाट आडवं करा. दहा वर्षांच्या मुलाला रुखरुख ठाऊक असते.

ओसरी

मी वास्तुरचनाकार. बारा गोष्टींचा आकडा वाचून थांबले. प्रदर्शनांच्या अभ्यासक बेव्हर्ली सेरेल यांनी शंभरहून अधिक प्रदर्शनांतल्या लोकांच्या वावराचा अभ्यास करून १९९० च्या दशकात दाखवलं की एका प्रदर्शनात माणसं सहसा वीस मिनिटांपेक्षा कमी थांबतात, आणि निम्म्याहून अधिक मांडणीपाशी थांबणारे थोडेच. बारा टेबलं मांडलीत तर प्रत्येकाला दीड मिनिट. दीड मिनिटात कौशल्य येत नाही, ओळख होते. चार ठेवा. पाच म्हणजे डोक्यावरून पाणी.

उजेड, खिडक्या, झाडं यांबद्दल. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती त्यांचा रुग्णालयातला मुक्काम, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडा कमी झाला, आणि तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. खिडकी महत्त्वाची आहेच. पण तुम्ही म्हणालात तसं, खिडकी शांत करते, शिकवत नाही. तिला आधाराला ठेवा, मुख्य पात्र करू नका.

ब्रिटनमधली मॅगीज सेंटर्स बघा. कर्करोग झालेल्यांसाठीच्या आधाराच्या जागा. पहिलं १९९६ मध्ये एडिनबरात उघडलं. आत शिरल्यावर नाव विचारणारा काउंटर नाही. मधोमध स्वयंपाकघराचं मोठं टेबल. माणूस तिथे काही न बोलता बसू शकतो, आणि बोलावंसं वाटलं तर शेजारी कुणीतरी असतंच. तुमच्या दालनाच्या तोंडाशीही ‘मानसिक आरोग्य’ अशी मोठी पाटी आणि नोंदवही ठेवलीत तर ज्याला गरज आहे तोच बाहेरून वळून जाईल.

बारीकसारीक: दिव्यांचं लुकलुकणं सेकंदाला तीनदापेक्षा जास्त कधीच नको, अपस्मार असलेल्यांना झटका येऊ शकतो. प्रत्येक टेबलावरून बाहेरचा रस्ता दिसला पाहिजे. पाऊलवाट यांनी सांगितलेली दोन दारं तर हवीतच.

ओंजळ

आता कानात आवाज ऐकवणाऱ्या कोपऱ्याबद्दल. कवडसा, तो काढून टाका. हेतू चांगला आहे, मला कळतंय. पण भासांची नक्कल अनुभवलेल्या लोकांवरच्या अभ्यासांत दुहेरी निकाल येतो: सहानुभूती वाढते, आणि त्याच वेळी अशा माणसापासून लांब राहावंसंही वाटू लागतं. दहा मिनिटं फक्त भीती अनुभवायला मिळाली तर माणूस भीतीच घेऊन बाहेर पडतो. ज्याला खरोखर आवाज ऐकू येतात तो त्यांच्यासोबत नोकरी करतो, भाजी निवडतो, गाणं ऐकतो, हे त्या हेडफोनमध्ये कुठे येणार?

त्याजागी माणूस ठेवा. २००० साली कोपनहेगनच्या लोकांनी रॉस्किल्ड महोत्सवात ‘ह्यूमन लायब्ररी’ सुरू केली, त्यात पुस्तकाऐवजी माणूस वाचायला मिळतो. समोर बसून प्रश्न विचारायचे. आठवड्यातून एक दुपार अशी ठेवता आली तर त्या कोपऱ्याचं सोनं होईल. बोलणाऱ्याला आधी तयारी आणि नंतर आधार द्या, आणि त्याच्या वेळेचा मोबदलाही द्या.

ऐकून घेण्याचं टेबल मात्र ठेवाच. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेतल्या म्बारे भागात ‘फ्रेंडशिप बेंच’ सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी. समोरचा माणूस ‘कुफुंगिसिसा’ घेऊन येतो. शोना भाषेतला शब्द, अर्थ ‘फार विचार करत राहणं’. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होती. आजी सल्ल्यांचा पाऊस पाडत नाही. प्रश्न उलगडून मांडायला लावते, त्यातला एक निवडायला लावते, आणि त्यावर उद्या काय करता येईल ते विचारते.

ओसरीताई, बाक समोरासमोर नको. काटकोनात ठेवा, डोळ्यांत बघायचं की समोर बघायचं हे बसणाऱ्याला ठरवता येईल. एकाने दोन मिनिटं बोलायचं. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त शेवटी ‘तू म्हणालास ते मला असं कळलं’ एवढंच सांगायचं. आणि बोलणाऱ्याने होय की नाही ते म्हणायचं. करून बघा, फार अवघड जातं.

याच टेबलावर एक वाक्य लिहून ठेवा: कुणी जिवाचं बरंवाईट करेल असं वाटलं तर सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट आहे. पद्धती, चित्रं, तपशील यांतलं काहीही दालनात नको. मदतीचा फोन नंबर प्रत्येक टेबलावर हवा, शेवटच्या भिंतीवर एकदाच नको. आणि दालनात उभ्या असणाऱ्या कर्मचाऱ्यांना, कुणी रडायला लागलं तर काय करायचं, याचा सराव उद्घाटनाआधी द्या.

सावली

वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. तुमचा सगळा रोख ‘शिकवण्यावर’ आहे आणि तो बरोबर असेल. पण मी दोन वर्षं आईच्या आजारपणात होते. त्या काळात कुणी मला कौशल्य शिकवायला आलं असतं तर मी त्याला हात जोडले असते. झोप कशी घ्यावी, श्वास कसा घ्यावा, विचार कसे बदलावेत, जो भेटेल तो काहीतरी शिकवत होता. जणू मी नीट शिकले नाही म्हणून मला त्रास होत होता. मला पंधरा मिनिटं कुणी काही मागणार नाही अशी जागा हवी होती. कवडसा, तुमच्या त्या निळ्या खोलीत मी रोज आले असते. ती चूक होती असं म्हणू नका.

कवडसा

सावली, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला.

तुमचं खरं आहे. खोलीकडून मी जी अपेक्षा केली ती चुकीची होती, खोली चुकीची नव्हती. दालनाच्या एका कडेला, खिडकीजवळ, चार खुर्च्या ठेवतो. तिथे काहीही शिकायचं नाही, फलक नाही, बटण नाही. तिथे बसलेल्याला कर्मचाऱ्यांनी ‘हे करून बघितलंत का?’ असं विचारायचं नाही. हे मी आराखड्यात लिहूनच ठेवतो, नाहीतर पुढे कुणीतरी तिथे एक पडदा लावेल.

बाकी टेबलं चार: गोटी आणि तिच्या शेजारी पाऊलवाट यांचा हाताने चाचपायचा रस्ता, हे मिळून एक. टेन्शनचं कपाट. काटकोनातलं बाक. आणि चौथं दाराजवळ, जिथे माणूस एका कार्डावर स्वतःच्या हाताने लिहील: ‘जेव्हा ___ होईल, तेव्हा मी ___ करेन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली कल्पना आहे. नुसता निश्चय करण्यापेक्षा वेळ आणि कृती अशी बांधली की ती हातून घडण्याची शक्यता वाढते. कार्ड त्याच्याच खिशात. आम्ही प्रत ठेवणार नाही. कातरयंत्र गेलं. झोपेचं दालन नंतर कधीतरी, स्वतंत्र.

पाऊलवाट, दाराबद्दल अजून एक विचारायचं होतं. दोन दारं झाली. ती उघडी ठेवू की पडदा लावू?

पाऊलवाट

पडदा लावा, पण गुडघ्यापर्यंतच. खालून बाहेरची चालणारी पावलं दिसली पाहिजेत.

रंधा

गोटीची पहिली पट्टी केली. एका बाजूला तीन सेकंदांतच पोचतेय. खाचेत लोकरीची पातळ पट्टी चिकटवली तर साडेचारपर्यंत येते. ओंजळताई, बरोबर पाच आणू का?

ओंजळ

पाचचा हट्ट नको. सहा ही सरासरी आहे. कुणाला मिनिटाला पाच सोयीचे, कुणाला सात, आणि लहान मुलांना अजून जलद. उतार कमी-जास्त करायला एखादी खिटी ठेवता येईल का? ज्याला जो बरा वाटेल तो त्याने लावावा.

रंधा

येईल. पाच खाचा पाडतो. आकडे लिहीत नाही.